छर्र्यांची जपानी पेटी

नवरा नांदेडहून रिकाम्या हातानं परत आला असता तर मला बरं वाटलं असतं. मोडक्या सायकलींच्या फ्रेमी भंगारात घालायला म्हणून तो गेला होता आणि त्यांच्या बदल्यात काहीतरी कामाचं आणणार होता. जुन्या रिमा, एखादा हवेचा पंप, असं काहीतरी. संध्याकाळी टेंपो दुकानासमोर थांबला आणि मागून गोणपाटात बांधलेली एक उभी पेटी उतरली. कपाटाचं दार उचकटून आणावं तेवढी.

कळमनुरीत बसस्टँडच्या रस्त्याला आमचा एक गाळा होता. मधे पत्रा घालून त्याची दोन दुकानं केली होती. एका बाजूला नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं, दुसऱ्या बाजूला माझं शिलाईचं. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. आम्ही दोघं आणि सासू. हिंगोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. सरकारी पाट्यांवरचं परभणी खोडून हिंगोली लिहिणं चालू होतं. तासावर सायकल भाड्यानं नेणारी माणसं आता हप्त्यावर मोटारसायकली घेत होती, त्यामुळे नवऱ्याच्या दुकानात दुपारी शुकशुकाट असायचा.

त्या शुकशुकाटाची मला भीती होती. ती आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजेल. नवरा मटका खेळायचा. लग्नानंतर बरीच वर्षं खेळला. भाड्याच्या सायकली एकेक करून त्यात गेल्या. मग एका वर्षी त्यानं तो सोडला. कसा सोडला ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सुटलं ते सुटलं, उकरून काढून कशाला आठवण करून द्यायची, असा माझा हिशेब. पण माझं लक्ष असायचं. डोक्यात आकडा असला की तो समोर बघायचा पण त्याला काही दिसत नसायचं. जेवताना भाकरीचा तुकडा हातातच राहायचा. तो चेहरा परत दिसतो का, एवढंच मी बघत होते.

"हे काय आणलं?" मी विचारलं.

"जहाजातलं हाय."

"जहाजातल्याचं आपल्याला काय करायचं? इथं काय समुद्र आलाय का?"

"आधी बघ तर. गुजरातेत जहाजं तोडतेत, तिथून आलेला माल. भंगारवाला म्हणला, मिस्तरी, ये तो खेल है, अंदर छर्रेही छर्रे हैं. छर्र्याचं काम म्हंजे आपलंच काम."

आमच्याकडे त्याला सगळे मिस्तरीच म्हणायचे. सायकलच्या चाकात, पायडलात जे पोलादी छर्रे असतात, त्यांच्यात त्याचं आयुष्य गेलेलं. त्यानं गोणपाट सोडलं. लाकडी चौकट, खालून कुजलेली. पुढची काच फुटलेली. आत निळसर बोर्ड आणि त्यावर पितळी खिळ्यांचं रान. मधेमधे प्लॅस्टिकची लाल-पिवळी फुलं, पाकळ्या मिटलेली. खाली एक ताटली, उजव्या बाजूला दांडी. आणि सगळीकडे अनोळखी अक्षरं.

तेवढ्यात सासू बाहेर आली. तिला मी आत्या म्हणते. तिनं चष्मा लावला, पेटीजवळ वाकली आणि एकदम सरळ झाली.

"ही अक्षरं म्या पाह्यलीत," ती म्हणाली. "नागपूरला जपानातले भिक्खू आले होते, त्येंच्या पताकेवर बराबर अशीच होती."

"आत्या, हे भंगारातून आणलंय."

"मंग काय झालं? बुद्धाच्या देशातून आलंय ते."

"बुद्ध आपल्याच देशातले व्हते," मी म्हणाले.

"तुला लई कळतं. पेटी खाली ठिवू नका, सांगून ठिवते."

झालं. माझं कापड कापायचं टेबल गेलं. पेटी त्यावर भिंतीला टेकून उभी राहिली आणि मी ब्लाउज जमिनीवर चटई टाकून बेतायला लागले. आत्या पेटीला हात लावायच्या आधी हात धुवायची. विहारातल्या दोघी-तिघी येऊन बघून गेल्या. एकीनं हात जोडले. पेटी पुजली काय आणि झाकून ठेवली काय, नवरा तिच्यापाशी बसला म्हणजे चौकातल्या मटक्याच्या टपरीवर गेला नाही, एवढं मला पुरत होतं.

आणि तो बसला, अगदी ठाण मांडून. आधी त्यानं पेटीची मागची बाजू उघडली. तिथं पुढच्यापेक्षा जास्त भानगड होती. पन्हळी, झडपा, वजनावर खाली-वर होणाऱ्या पट्ट्या. समुद्राची हवा खाऊन सगळं लोखंड गंजलेलं. एकेक भाग काढून त्यानं रॉकेलमध्ये भिजत घातला. कोणता भाग कुठून काढला ते विसरू नये म्हणून माझ्याकडून चिंध्या मागून घेतल्या आणि जागेप्रमाणे रंगीत चिंधी बांधली. लाल वरची, हिरवी खालची. माझ्या दुकानात चिंध्यांना काय तोटा!

दांडीची स्प्रिंग तुटली होती. सायकलच्या ब्रेकची स्प्रिंग कापून ती बसवली. कुजलेली चौकट काढून सुताराकडून बाभळीची करून आणली. काच फोटोच्या फ्रेमा करणाऱ्यानं कापून दिली. आत एक घंटी होती, ती फुटलेली. तिच्या जागी सायकलची घंटी बसली. छर्रे मात्र जमेनात. मूळचे थोडेच आले होते. सायकलचे छर्रे लहान, ते फटीतून आत पडायचे आणि सगळी पेटी परत उघडावी लागायची. शेवटी कुणाच्या तरी विहिरीवरच्या मोटरचं निकामी बेअरिंग फोडलं. त्यातला छर्रा मूळच्या छर्र्याशेजारी ठेवून दोन्ही बोटांत फिरवले आणि म्हणाला, "बसतो." मग गावभर मोटर रिवाइंडिंगवाल्यांकडे फिरून त्यानं तसली बेअरिंग गोळा केली.

राहिले खिळे. ते काळे पडले होते. मी चिंच भिजवून कोळ काढला, आणि जुन्या दातांच्या ब्रशनं एकेक खिळा घासला. बोर्डाला पाणी लागू नये म्हणून खाली फडकं धरून. काम किचकट होतं, पण खिळे सोन्यासारखे निघाले. निघाल्यावर दिसलं की सगळे वाकडे आहेत. कुणी वर मान करून, कुणी खाली, कुणी शेजारच्याला खेटून.

"जहाजात हापटून हापटून वाकले असतील," नवरा म्हणाला.

आता आमच्या नवऱ्याचं सगळ्यात नावाजलेलं काम म्हणजे आऊट काढणं. चाक फिरताना डुगडुगलं की तारा ताणून ते सरळ करायचं, त्याला आऊट काढणं म्हणतात. चाक उलटं टांगून, डोळा बारीक करून तो बसला की केसाएवढा फरक त्याला दिसायचा. सेनगावकडची माणसंसुद्धा चाकं घेऊन जीपच्या टपावरून यायची. असल्या माणसासमोर वाकड्या खिळ्यांचं रान आलं तर तो काय करणार? त्यानं लाकडाच्या तुकड्याला भोक पाडून एक हत्यार केलं, ते खिळ्यावर चढवायचं आणि अलगद दाबायचं. गुण्या लावून, सुतानं मापून त्यानं एकूण एक खिळा सरळ केला. पुरे पंधरा दिवस तरी गेले असतील. काम झाल्यावर बोर्ड असा दिसत होता की जणू प्रजासत्ताक दिनाची कवायत. मलाही तो आवडला. सरळ शिवण बघितली की डोळ्यांना बरं वाटतं, तसं.

मग एका दुपारी पेटी चालू केली. वीज काहीच लागत नव्हती. दांडी खाली दाबून सोडली की छर्रा उडून वर जायचा, कडेनं वळायचा आणि खिळ्यांवर टणटणत खाली यायचा. एखाद्या फुलात पडला तर मागची पट्टी कलंडून, घंटी वाजून ताटलीत मूठभर छर्रे येणार, असं नवऱ्यानं मागची रचना बघून ताडलं होतं.

पहिला छर्रा टणटणत खाली आला आणि तळाच्या भोकातून निघून गेला. दुसराही. तिसराही. फुलांच्या शेजारून, फुलांच्या वरून, पण फुलात नाही. सगळे छर्रे संपले.

"मला दे," आत्या हात पुसत पुढं आली. "श्रद्धा लागती त्याला."

तिचेही सगळे गेले.

"दांडी जोरात दाबता तुमी," मी म्हणाले आणि माझेही गेले. दोन-तीन दिवस हेच चाललं. येणाऱ्या-जाणाऱ्यानं खेळून बघितलं. पंक्चर काढायला आलेला एक मास्तर म्हणाला, "मिस्तरी, ही पेटी का पन्हळ? वरून टाका, खालून घ्या." लोक हसले. नवरा हसला नाही. त्याच्या हातून दुरुस्त झालेली वस्तू चालत नाही, असं कधी झालं नव्हतं.

माझा धाकटा भाऊ औरंगाबादला कंपनीत होता. तिथं जपानी साहेब यायचे. तो मधे येऊन गेला तेव्हा त्यानं पेटीचा फोटो काढून नेला होता. काही आठवड्यांनी शेजारच्या एसटीडी बूथवर त्याचा फोन आला. बूथवाल्यानं हाक मारली म्हणून मी गेले.

"ताई, ते पाचिंको हाय म्हणे."

"म्हंजे काय?"

"जुगार. तिकडं त्याची दुकानंच्या दुकानं हायत. छर्रे जिंकायचे अन् छर्र्यावर बक्षीस न्यायचं."

मी तिथल्या स्टुलावर बसले. बूथवाला मीटर बघायचं सोडून माझ्याकडे बघायला लागला.

"म्हंजे जपानचा मटका म्हण ना," मी म्हणाले.

"तसंच समज. साहेब लई हसून राह्यले होते. विचारत होते, खिळ्यांला हात तर न्हाई लावला ना? तिथं म्हणे दुकान बंद झालं की एक माणूस बारीक हातोडी घेऊन बसतो अन् खिळे वाकवतो. कोणत्या पेटीतून किती जाऊ द्यायचं हे त्यो ठरवतो. वाकडेपणातच सगळी मेख हाय, म्हणले."

मी फोन ठेवला. बूथवाला म्हणाला, "ताई, मिस्तरींनं जुगाराची मशीन आणली काय?"

"आणली," मी म्हणाले. "पण चालत न्हाई. तुझ्यासारखीच."

चार पावलं चालून दुकानात येईपर्यंत मी ठरवलं की सांगून टाकायचं. भावाच्या पोटात काही राहत नाही, आज ना उद्या नवऱ्याला कळणारच. लपवलं आणि मग कळलं तर त्याला वाटेल, हिला अजून आपला भरवसा नाही. भरवसा नव्हताच, पण ते त्याला का कळू द्यायचं?

मी सगळं सांगितलं. आत्याचं तोंड उघडंच राहिलं.

"भिक्खूंच्या देशात जुगार?"

"आपल्या देशात न्हाई काय, आत्या?"

तिनं स्वतःच पेटीवर घातलेला पांढरा रुमाल काढून घेतला. आधी ती पेटीला हात लावण्यापूर्वी हात धुवायची, त्या दिवसापासून नंतर धुवायला लागली.

नवऱ्यानं जुगाराचं ऐकलं, पण तो अडकला भलतीकडंच.

"म्हंजे जे म्या सरळ केलं, ते वाकडंच पायजे होतं?"

"असं म्हणतेत."

"आन् मला वाटलं हापटून वाकलेत." तो बोर्डाकडे बघत राहिला. "कोण्या तरी माणसाची मेहनत पुसली म्या."

तिथून माझे वाईट दिवस सुरू झाले. तो खिळे पुन्हा वाकवायला बसला. कोणता खिळा किती आणि कुठल्या बाजूला वाकलेला होता, हे आता कुणाला ठाऊक? पण सायकलच्या धुऱ्यावर छर्रा कुठं घासतो हे बघायची त्याला सवय होती. त्यानं माझं शिलाई मशिनवरचं बल्ब लावायचं तारेचं स्टँड उचलून नेलं आणि खिळ्यांवर उजेड पाडला. प्रत्येक खिळ्याला एका बाजूला पितळ किंचित खाल्लेलं होतं. छर्रा वर्षानुवर्षं तिथंच आपटलेला. ज्या बाजूनं खाल्लंय, त्या बाजूनं छर्र्याची वाट. त्या वाटेवरून तो अंदाज बांधत गेला.

एक खिळा केसभर वाकवायचा, मग छर्रे सोडायचे. परत वाकवायचा, परत सोडायचे. दिवसभर टणटण. मी पत्र्याच्या पलीकडे मशीन चालवत होते, पण कान तिकडं. मला एवढंच कळत नव्हतं: हा दुरुस्ती करतोय का खेळतोय? बाहेरून दोन्ही सारखंच दिसत होतं. छर्रा सोडायचा, मान वर करायची, मान खाली आणायची. जेवायला हाक मारली तर तीन हाका लागायच्या. आणि एक दिवस ताटावर बसल्यावर भाकरीचा तुकडा त्याच्या हातात तसाच राहिला.

"काय इचार चाललाय?" मी विचारलं. साधंच विचारल्यासारखं.

"दुसऱ्या फुलाच्या वरच्या दोन खिळ्यांचा."

मला ते खरं वाटलं आणि खोटंही वाटलं. पूर्वीही आकड्यांचं असंच, खरं वाटेल असं सांगायचा तो.

पहिल्यांदा छर्रा फुलात पडला तेव्हा मी एका ब्लाउजच्या काखेला कात्री लावत होते. सायकलची घंटी खणखणली, पाकळ्या फटकन उघडल्या, ताटलीत छर्रे सांडल्याचा आवाज आला. मी धावत गेले. नवरा ताटलीकडे बघत नव्हता. तो मागून पट्टी किती कलंडली ते बघत होता. पुढून छर्रे जमा करायचं त्याच्या ध्यानातही नव्हतं. मला तेव्हा जरा बरं वाटलं. जराच. पूर्ण सुटका व्हायला अजून वेळ होता, कारण घंटीचा आवाज रस्त्यापर्यंत गेला होता.

काही दिवसांनी तो माणूस आला. पूर्वी चौकात बसून मटक्याच्या चिठ्ठ्या घ्यायचा तो. नवऱ्याच्या सायकलींचं काय झालं हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. आता तो जत्रांमधून रिंगा टाकायचा खेळ मांडत फिरायचा. साबणाच्या वड्यांवर रिंग पडली की वडी तुमची, तसला. दुपारच्या हिंगोलीच्या गाडीला वेळ आहे म्हणून टेकलो, असं म्हणाला.

"वैनी, ओळखलं का?"

"न ओळखून कसं चालेल? माणूस ओळखावं लागतं, म्हंजे पुढच्या वेळी दार लावता येतं."

"वैनी अजून तशाच हायत," तो नवऱ्याकडे बघून हसला. मग पेटीसमोर उभा राहिला आणि हसू थांबलं. वस्तू बघताक्षणी त्याला सगळं कळलं. कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. "मिस्तरी, हे इथं काहून सडवून राह्यले? शिवरात्रीच्या जत्रेत माझ्या पालात ठेवा. अशी चीज परभणी-नांदेडात कुणापाशी न्हाई. जागा माझी, पब्लिक माझी. खिळे तेवढे तुमी बघायचे. निम्मं तुमचं."

मी माझ्या दुकानात होते. मशिनचं चाक मी हातानं धरून थांबवलं होतं. आत्या मधल्या दारात. मला वाटलं होतं, नवरा निदान लगेच नाही म्हणेल. मटका सोडून मला फार दिवस झाले, असं काहीतरी. पत्र्याच्या फटीतून त्याचे फक्त हात दिसत होते. खिळे वाकवायचं ते लाकडी हत्यार तो बोटांत फिरवत होता.

मी उठून मधे पडायचं असं दोनदा ठरवलं. पण मधे पडून काय झालं असतं? मी आज त्याला नाही म्हणायला लावलं असतं आणि त्यानं उद्या टपरीवर जाऊन हो म्हटलं असतं. हे मला जुन्या वर्षांनी शिकवलं होतं. मी बसून राहिले.

"आधी खेळून तर बघा," नवरा शेवटी म्हणाला. त्यानं काच उघडली आणि त्या माणसाच्या डोळ्यांदेखत फुलाच्या वरचे दोन खिळे थोडे जवळ आणले. "हे बघा. आता ह्याच्यातून छर्रा जाणार न्हाई. दिसून राह्यलं ना?"

"दिसून राह्यलं की. पब्लिकला न्हाई दिसणार." तो हसला आणि दांडीला हात घातला.

गंमत म्हणून त्यानं थोडे छर्रे उडवले. एकही पडला नाही. "वा," तो म्हणाला. "जबरदस्त." मग आणखी उडवले. एक छर्रा त्या दोन खिळ्यांवर नाचला, थांबला, पडतोय असं वाटलं आणि बाजूनं निघून गेला.

"हात तिच्या! जवळून गेला."

"गेला ना."

"अजून द्या जरा."

नवऱ्यानं खालचे छर्रे गोळा करून दिले. तो आता बोलायचा बंद झाला होता. खांदे पुढं आले होते. दांडी कधी हळू, कधी जोरात. आपल्या मनाशी काहीतरी गणित मांडत होता. बाहेर हिंगोलीची गाडी आली, कंडक्टरनं घंटी मारली, गाडी गेली. त्यानं मान वळवली नाही.

"तुमची गाडी गेली," मी पत्र्याच्या अलीकडून म्हणाले.

"दुसरी हाय, वैनी. आता पडतो बघा. जवळ येऊन राह्यला."

नवरा त्याच्या शेजारी स्टुलावर बसला होता. पेटीकडे त्याचं लक्ष नव्हतं. तो त्या माणसाच्या तोंडाकडे बघत होता. मी पत्र्याला वळसा घालून पुढं आले आणि मलाही ते तोंड दिसलं. समोर बघतोय पण दिसत काही नाही. खिळे त्याच्यासमोरच आवळले होते, छर्रा जाणार नाही हे त्याला सांगून झालं होतं, आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांना खेळवलं होतं, आणि तरी तो घामाघूम झाला होता.

"मिस्तरी, एका केसानं हुकला. बघितलं ना तुमी?"

"बघितलं," नवरा म्हणाला. "जवळून जावा असंच ठेवलंय ते. लांबून गेला तर माणूस उठून जातो."

तो माणूस थांबला नाही. ऐकू आलं होतं की नाही देव जाणे. नवराच उठला. त्यानं दांडीवरचा त्याचा हात धरून बाजूला केला. जोर लावून नाही, चाक थांबवताना लावतो तेवढाच.

"पेटी द्यायची न्हाई."

"आं? काहून?" तो झोपेतून उठल्यासारखा बघायला लागला. "निम्मं कमी वाटतं का? मंग जास्तीचं बोलू."

"खिळे कोण वाकवणार?"

"तुमीच की."

"म्हणून तर."

"मिस्तरी, लोक स्वतःहून खेळतेत. आपण कुणाला ओढून आणतो का?"

"तुमाला कुठं ओढून आणलं होतं? गाडीला वेळ हाय म्हणून बसले होते ना?"

तो रुमालानं मान पुसत बसला. आत्या मधल्या दारातून म्हणाली, "चहा घेऊन जाय, बाबा. तकलीफ झाली तुला." तिच्या बोलण्यात टोमणा होता की माया, हे मला आजही सांगता येणार नाही. तिनं चहा केला, त्यानं तो प्यायला, आणि पुढच्या गाडीनं तो गेला. जाताना एकदा पेटीकडे वळून बघितलं त्यानं. नवऱ्यानं बघितलं नाही. तो पान्हे जागेवर लावत होता.

तो गेल्यावर मी मशिनवर बसले आणि जो काखेचा तुकडा समोर होता तो उलटा शिवला. उसवून परत शिवला, पुन्हा उलटा. शेवटी मी उठून मागच्या ओसरीत गेले, माठातलं पाणी प्यायले आणि थोडा वेळ भिंतीला टेकून नुसती उभी राहिले. रडले वगैरे नाही. डोक्यावरचा भारा उतरवल्यावर मान काही वेळ तशीच ताठ राहते ना, तसं झालं होतं.

"तुमी हो म्हणाल असं वाटलं मला," नंतर मी त्याला म्हणाले.

"मलाबी वाटलं होतं," तो म्हणाला. "त्यानं दांडीला हात घालायच्या आधी."

एवढंच. या विषयावर आमचं त्यानंतर कधी बोलणं झालं नाही. गरज पडली नाही.

पुढं त्यानं खिळे असे फाकवले की आंधळ्यानंही छर्रा सोडला तरी फुलात पडावा. गल्लीतली लेकरं आठवडाभर येऊन घंटी वाजवत राहिली. आमचे कान किटले. मग त्यांनाच कंटाळा आला. दर वेळी पडतो म्हटल्यावर कोण खेळणार? नंतर भावाच्या कंपनीतल्या त्या साहेबानं पेटी बघायला मागितली आणि नवऱ्यानं ती पोत्यात गुंडाळून औरंगाबादला पाठवून दिली. द्यायच्या आधी मात्र दोन दिवस बसून त्यानं खिळे पहिल्यासारखे, म्हणजे त्याच्या अंदाजानं पहिल्यासारखे, वाकवले. साहेबानं निरोप पाठवला की खिळेवाल्याचा हात बरा आहे, फक्त जरा दयाळू आहे. हे नवऱ्यानं कौतुकानं सगळ्यांना सांगितलं.

त्या उन्हाळ्यात सेनगावला बहिणीकडे लग्न होतं. आधीची बरीच वर्षं मी कुठल्याही कार्याला सकाळी जाऊन संध्याकाळच्या गाडीनं परत यायचे. जेवणाचा पहिला घास पोटात गेला की परतीच्या गाडीची वेळ डोक्यात सुरू व्हायची. या खेपेला मी दोन लुगडी जास्तीची घेतली. लग्न झालं, वऱ्हाड गेलं, मांडव उतरला, तरी मी तिथंच. बहीण म्हणाली, "तिकडं मिस्तरी अन् सासू दोघंच हायत. फोन लावायचा का?"

"कशाला?" मी म्हणाले. उन्हं तापली होती. मी तिच्या न्हाणीत तोंड धुतलं, कूलरसमोर चटई टाकली आणि दुपारभर झोपले.